फिरती खुर्ची: युरोपीय संघाचं अध्यक्षपद आतून

‘युरोपियन युनियनच्या अध्यक्षांनी इशारा दिला’ अशी ओळ बातमीत वाचली की आधी विचारायचं, कोणत्या अध्यक्षांनी? संघाला अध्यक्ष एक नाही. युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन. युरोपीय परिषदेचे, म्हणजे २७ देशांच्या प्रमुखांच्या बैठकीचे अध्यक्ष आंतोनियो कोस्टा. संसदेच्या अध्यक्षपदी २०२२ पासून रॉबेर्टा मेत्सोला. आणि मंत्रिपरिषदेचं, म्हणजे सभासद देशांच्या खात्याखात्याच्या मंत्र्यांच्या बैठकीचं अध्यक्षपद तर माणसाकडे नसतंच. ते देशाकडे असतं आणि दर सहा महिन्यांनी पुढच्या देशाकडे सरकतं. त्यात भर म्हणून स्ट्रासबर्गला ‘कौन्सिल ऑफ युरोप’ नावाची ४६ देशांची तिसरीच संस्था आहे. ती संघाचा भाग नाही, पण झेंडा तोच, बारा पिवळ्या चांदण्यांचा. गोंधळ व्हायला एवढं पुरे.

मुंबईकराला यातलं बरंचसं महापालिकेवरून कळतं. आयुक्तांच्या हाताखाली कारभार असतो, प्रस्ताव त्यांच्याकडून येतात. फॉन डेर लायेन यांची जागा साधारण तशी. महापौर सभागृह चालवतात, पाहुण्यांचं स्वागत करतात. कोस्टा यांची जागा तशी. मुदतसुद्धा दोघांची अडीच वर्षांचीच. पण समसमान मतं पडली तर महापौरांना निर्णायक मत असतं, कोस्टांना मतच नाही. आपल्याकडे महापौरपदाचं आरक्षण चक्राकार फिरतं आणि त्याची सोडत निघते. मंत्रिपरिषदेच्या फिरत्या अध्यक्षपदाला सोडत नाही, यादी कित्येक वर्षं आधी छापलेली असते. तुलना इथवरच ताणावी. आयुक्तांना राज्य सरकार नेमतं, आयोगाच्या अध्यक्षांना संसदेत बहुमत मिळवावं लागतं.

या चारांत सगळ्यात कमी लिहिलं जातं ते फिरत्या अध्यक्षपदाबद्दल. कायद्यांचं खरं दळण मात्र तिथेच दळलं जातं, म्हणून जास्त जागा त्यालाच.

सुरुवात १९५८ ची. सभासद सहा, पहिली पाळी बेल्जियमची, दुसरी जर्मनीची. इंग्रजी वर्णमालेने पाहिलं तर बेल्जियमनंतर फ्रान्स यायला हवा होता. पण क्रम प्रत्येक देशाच्या स्वतःच्या भाषेतल्या नावाने लावला होता आणि जर्मनी स्वतःला डॉइचलांड म्हणवतो, म्हणून ‘डी’. सहा देश, प्रत्येकी सहा महिने, म्हणजे तीन वर्षांनी पाळी परत. त्या काळी अध्यक्षाचं काम बैठक उघडणं, बोलायला देणं, बंद करणं, यापलीकडे फार नव्हतं.

पण बैठक बंद करणं हीसुद्धा ताकद असते. ३० जून १९६५ च्या रात्री ती दिसली. सामायिक शेतीधोरणाला पैसा कुठून येणार याचा निर्णय त्या दिवशी व्हायचा होता. मुदत टळू नये म्हणून ‘घड्याळ थांबवण्याची’ एक रीत ब्रसेल्सने लावून घेतली होती: बैठक पुढे चालू ठेवायची आणि कागदावर तारीख मात्र जुनीच धरायची. १९६१ संपून १९६२ उजाडलं तेव्हा शेतीच्याच प्रश्नावर दोन आठवडे हे घड्याळ थांबलं होतं. १९६५ ला खुर्चीत फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री मोरिस कूव द म्यूरव्हिल होते. त्यांनी घड्याळ थांबवलं नाही. मध्यरात्र उलटल्यावर, दोनच्या सुमारास, एकमत नाही म्हणून बैठक संपल्याचं जाहीर केलं. पाळी तिथेच संपली, अध्यक्षपद इटलीकडे गेलं, आणि फ्रान्सने मंत्रिपरिषदेत यायचंच बंद केलं. ‘रिकाम्या खुर्चीचा पेच’ म्हणतात तो हाच. जानेवारी १९६६ च्या अखेरीस लक्झेंबर्गला तडजोड झाली. तेव्हा पाळीही लक्झेंबर्गचीच होती.

सभासद वाढले तशी क्रमाची गंमत वाढत गेली. १९८६ ला स्पेन आणि पोर्तुगाल आले, संख्या बारा झाली. बारा ही सम संख्या, म्हणजे एखाद्या देशाला जानेवारी ते जून मिळालं की दर सहा वर्षांनी तेच मिळणार. (सहा सभासद होते तेव्हाही हेच होत होतं, पण तेव्हा कुणाला फारसं टोचलं नाही.) दोन अर्धवर्षं सारखी नसतात. शेतमालाचे भाव पहिल्या अर्ध्यात ठरायचे, अंदाजपत्रक दुसऱ्या अर्ध्यात. शिवाय दुसऱ्या अर्ध्यात ऑगस्टभर ब्रसेल्स ओस पडतं आणि डिसेंबरच्या मध्यानंतर कुणी कामाला नसतं. सहाचे खरे साडेचार महिने उरतात. म्हणून त्या दोन देशांच्या प्रवेशकरारातच सोय केली: पहिली सहा वर्षं सरळ क्रम, पुढची सहा वर्षं प्रत्येक जोडीची अदलाबदल. बेल्जियम–डेन्मार्कचं डेन्मार्क–बेल्जियम, जर्मनी–ग्रीसचं ग्रीस–जर्मनी. इतकी बारीक तरतूद थेट करारात घालायची वेळ आली, यावरूनच या खुर्चीला एव्हाना किती वजन आलं होतं ते कळतं.

ते वजन आलं होतं परराष्ट्र धोरणामुळे. १९७० पासून सभासद देश परराष्ट्र प्रश्नांवर एकत्र बोलू लागले, पण त्यासाठी सचिवालय नव्हतं. ज्याची पाळी त्याचंच परराष्ट्र खातं बैठका बोलावणार, कागद सांभाळणार, सगळ्यांच्या वतीने बोलणार. पाळी संपली की दप्तर पुढच्या राजधानीला. ब्रसेल्समध्ये यासाठी छोटं सचिवालय उभं राहायला १९८७ उजाडलं.

आज सत्तावीस देशांत पाळी साडेतेरा वर्षांनी येते. सध्याचा क्रम २०१६ च्या निर्णयाचा आहे. जुलै ते डिसेंबर २०१७ ची पाळी ब्रिटनची होती. संघ सोडण्याच्या जून २०१६ च्या सार्वमतानंतर जुलैमध्ये ब्रिटनने ती सोडली आणि मागची सगळी रांग सहा महिन्यांनी पुढे सरकली. एस्टोनिया २०१८ ची तयारी करत होता, त्याला अचानक सहा महिने आधी उभं राहावं लागलं, तेही आयुष्यातल्या पहिल्या पाळीसाठी.

आता खुर्चीवर बसलेला देश नेमकं करतो काय?

पाळी सुरू व्हायच्या सात महिने आधी सगळ्या मंत्री-बैठकांच्या तारखा जाहीर कराव्या लागतात. तीन-तीन देशांचा एक गट असतो, त्याला ‘त्रिकूट’ म्हणू. त्यांचा अठरा महिन्यांचा सामायिक कार्यक्रम ठरतो. ही पद्धत २००७ ला जर्मनी–पोर्तुगाल–स्लोव्हेनियापासून पडली. पोलंड, डेन्मार्क आणि सायप्रस यांचं त्रिकूट जानेवारी २०२५ ते जून २०२६ पर्यंतचं; मग आयर्लंड, लिथुआनिया, ग्रीस. प्रत्येक बैठकीची तात्पुरती कार्यक्रमपत्रिका चौदा दिवस आधी पोचली पाहिजे. नव्या कायद्याचा मसुदा असेल तर तो सभासद देशांच्या संसदांना मिळाल्यावर आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, मगच तो पत्रिकेवर येतो, आणि पत्रिकेवर आल्यावर भूमिका ठरवण्याआधी आणखी दहा दिवस. हा हिशेब मागून पुढे मांडला की कळतं: पाळी सुरू झाल्यावर आयोगाने मांडलेला एखादा मोठा कायदा त्याच पाळीत मंजूर होईल ही आशा धरू नये.

बैठकांची उतरंड तीन पायऱ्यांची. सगळ्यात खाली दीडशेहून अधिक कार्यगट. तिथे देशोदेशीचे अधिकारी कलम-कलम वाचतात आणि अध्यक्षदेशाचा अधिकारी खुर्चीत असतो. त्यावर राजदूतांची समिती, ‘कोरेपर’. तिचे दोन भाग: उपराजदूतांचा पहिला आणि राजदूतांचा दुसरा. नाव उलटं वाटतं खरं, पण तसंच आहे. परराष्ट्र, अर्थ, गृह-न्याय असे विषय दुसऱ्याकडे. शेती, पर्यावरण, वाहतूक, उद्योग पहिल्याकडे. त्यावर मंत्री, दहा प्रकारच्या बैठकांत. एप्रिल, जून आणि ऑक्टोबर या तीन महिन्यांत मंत्री लक्झेंबर्गला भेटतात, एरवी ब्रसेल्सला. परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीचं अध्यक्षपद मात्र फिरत नाही. २००९ ला लागू झालेल्या लिस्बन करारापासून ते संघाच्या परराष्ट्र प्रमुखांकडे आहे, डिसेंबर २०२४ पासून काया कालास यांच्याकडे. यातही पोटनियम आहेच: परराष्ट्रमंत्र्यांच्या त्याच बैठकीत व्यापाराचा विषय निघाला की खुर्चीत फिरता देश.

मंत्र्यांच्या पत्रिकेवर ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन प्रकारचे विषय. ‘ब’ म्हणजे चर्चा शिल्लक आहे. ‘अ’ म्हणजे खाली सगळं ठरलंय, फक्त मंजुरी द्यायची. ‘अ’ विषय कुठल्याही खात्याच्या बैठकीत मंजूर होऊ शकतो. त्यामुळे बँकांचा कायदा शेती आणि मासेमारीच्या मंत्र्यांनी पास केला असं वाचलं तर चूक शोधू नका. त्या आठवड्यात तीच बैठक होती.

दालनात अध्यक्षदेशाच्या दोन जागा असतात. एकीवर बैठक चालवणारा मंत्री, दुसरीवर त्याच देशाचं शिष्टमंडळ, स्वतःच्या देशाची भूमिका मांडायला. खुर्चीतल्या माणसाने देशाचं बोलायचं नाही, ते बाजूचा बोलेल. वाचायला सोपं, पाळायला अवघड. १७ जून २०२४ ला लक्झेंबर्गमध्ये पर्यावरणमंत्र्यांची बैठक झाली तेव्हा हे फार जवळून पाहायला मिळालं. विषय निसर्ग पुनर्स्थापनेचा कायदा. पाळी बेल्जियमची, खुर्चीत ब्रसेल्स प्रांताचे मंत्री आलँ मारोन. ते कायदा पास करवून घेत होते आणि बाजूच्या जागेवरून बेल्जियम तटस्थ राहिला, कारण देशातल्या प्रांतांचंच एकमत नव्हतं. ऑस्ट्रियाच्या मंत्री लिओनोर गेवेस्लर यांनी चॅन्सेलरांच्या इच्छेविरुद्ध बाजूने मत दिलं. चॅन्सेलर कार्ल नेहामर यांनी अध्यक्षदेशाला आधीच कळवलं होतं की त्यांना तसा अधिकार नाही. खुर्चीपुढचा प्रश्न असा: पत्र मोजायचं की हात? हात मोजला गेला. दालनात बसलेल्या मंत्र्याचं मत हे त्या देशाचं मत, घरातलं भांडण घरी. निकाल: २० देश बाजूने, ६ विरुद्ध, १ तटस्थ, आणि बाजूच्या देशांची लोकसंख्या ६६.०७ टक्के. लागणार होते ६५. ऑस्ट्रियाची लोकसंख्या संघाच्या सुमारे दोन टक्के. तेवढे वजा करून पाहा.

हे गणित अध्यक्षदेशाच्या अधिकाऱ्यांना तोंडपाठ लागतं. पात्र बहुमत म्हणजे किमान ५५ टक्के देश, सत्तावीसांत १५, आणि त्यांची लोकसंख्या किमान ६५ टक्के. अडवायचं असेल तर ३५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या हवी आणि देश किमान चार. जर्मनी सुमारे १९, फ्रान्स १५, इटली १३. तिघांची बेरीज ४७ च्या आसपास जाते तरी तिघे अडवू शकत नाहीत. चार देशांची अट याचसाठी घातलेली आहे. म्हणून तीन मोठे विरोधात असले की खुर्चीचं सगळं लक्ष ‘चौथा कोण’ यावर.

नवशिका हमखास चुकतो तो तटस्थतेत. पात्र बहुमताच्या मतदानात तटस्थ राहणं म्हणजे व्यवहारात विरोधच, कारण मोजणी फक्त बाजूच्या मतांची. एकमताच्या विषयांत नेमकं उलटं: तटस्थ राहिल्याने एकमत मोडत नाही. म्हणून निर्बंधांसारख्या एकमताच्या प्रश्नावर नाखूश देशाला ‘विरोध नको, तटस्थ राहा’ असं पटवता येतं, आणि निसर्ग कायद्यासारख्या ठिकाणी तोच सल्ला अंगाशी येतो.

मतदानाची वेळ मुळात कमी येते. खरी कला मसुद्याची. ‘अध्यक्षांचा तडजोड मसुदा’ या नावाने कागद फिरतो. त्याआधी अध्यक्षदेश एकेका शिष्टमंडळाला वेगळं बोलावून विचारतो, खरं सांगा, कुठवर येता? याला ब्रसेल्समध्ये ‘कन्फेशनल’ म्हणतात. गोव्याचे ख्रिस्ती ज्याला कुमसार म्हणतात तेच. सगळ्यांच्या तळरेषा एकट्या खुर्चीला ठाऊक असतात, आणि तिची ताकद यातच आहे. ती कधी वापरायची, हे हुशारीचं काम. घाईने मतदानाला टाकलं तर आकडा भरत नाही. फार ताणलं तर पाळी संपते आणि श्रेय पुढच्याला जातं.

मंत्रिपरिषदेची भूमिका ठरली की संसदेशी आणि आयोगाशी त्रिपक्षीय बोलणी. मंत्रिपरिषदेच्या वतीने तिथे अध्यक्षदेशच बसतो. टेबलावर चार रकान्यांचा तक्ता: आयोगाचा मूळ प्रस्ताव, संसदेची भूमिका, मंत्रिपरिषदेची भूमिका, आणि चौथा रकाना रिकामा, तडजोडीचा. हे तक्ते शेकडो पानांचे होतात. रात्री दोन वाजता कुणीतरी ‘चौथ्या रकान्यात काय लिहायचं’ विचारतं तेव्हा पाळीचा देश लहान की मोठा याला महत्त्व उरत नाही. त्याचा अधिकारी त्या तक्त्यात किती मुरलाय, एवढंच मोजलं जातं.

एक कायदा हातोहात कसा जातो ते मुंबईच्या पोलाद निर्यातदारांना चांगलं माहीत असायला हवं. आयात मालावरच्या कार्बन शुल्काचा, म्हणजे ‘सीबॅम’चा प्रस्ताव आयोगाने १४ जुलै २०२१ ला मांडला, तेव्हा पाळी स्लोव्हेनियाची, नुकतीच सुरू झालेली. मंत्रिपरिषदेची भूमिका ठरली १५ मार्च २०२२ ला, फ्रान्सच्या पाळीत. संसदेशी तात्पुरता समझोता १३ डिसेंबर २०२२ ला, चेक प्रजासत्ताकाच्या पाळीत. अंतिम मंजुरी २५ एप्रिल २०२३ ला, स्वीडनच्या पाळीत. नुसते अहवाल द्यायचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ पासून आणि खऱ्या शुल्काचा १ जानेवारी २०२६ पासून. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन, वीज हे सगळं त्यात. म्हणजे पावणेदोन वर्षांत चार देशांनी एकच कागद चालवला. न्हावा शेवाहून माल पाठवणाऱ्याने ‘अध्यक्षदेश आता कोण’ एवढंच पाहून उपयोग नाही. कागद कोणत्या पायरीवर आहे ते पाहायचं. मार्च २०२२ नंतर मूळ चौकट बदलेल ही अपेक्षा व्यर्थ होती, डिसेंबरनंतर तर तपशीलही जवळपास पक्के होते.

‘जवळपास’ म्हणायचं कारण आहे. समझोता झाल्यावरही शेवटच्या पायरीवर पाय घसरतो. नव्या गाड्यांचं कार्बन उत्सर्जन २०३५ पासून शून्यावर आणायचा कायदा संसदेशी बोलणी संपून ‘अ’ विषय होण्याच्या बेतात होता. मार्च २०२३ मध्ये जर्मनीने अचानक हात आखडला, कृत्रिम इंधनावरच्या गाड्यांना वाट हवी म्हणून. जर्मनी बाजूला झाला की १९ टक्के गेले. पोलंड, इटली, बल्गेरिया आधीच नाखूश. गणित कोसळलं आणि पाळीवर असलेल्या स्वीडनने मतदान पुढे ढकललं. जर्मनीला आयोगाकडून आश्वासन मिळाल्यावर २८ मार्चला कायदा मंजूर झाला, मजकुराला धक्का न लावता. खुर्चीने इथे एकच गोष्ट केली, पण बरोबर केली: आकडा भरत नाही कळल्यावर मत घेतलं नाही.

बाकी अपघात राजकीय असतात. मार्च २००९ ला पाळीच्या मध्यावर चेक सरकार अविश्वास ठरावात पडलं आणि युरोपच्या बैठका काळजीवाहू मंडळी चालवू लागली. उलट २०१० च्या उत्तरार्धात बेल्जियमकडे संपूर्ण पाळीभर काळजीवाहू सरकार होतं आणि काम उत्तम झालं. यावरून माझं मत असं की पाळी मंत्री चालवत नाहीत, ब्रसेल्समधलं त्या देशाचं कायम प्रतिनिधी कार्यालय चालवतं. मंत्रिपरिषदेचं स्वतःचं सचिवालय आणि कायदा विभाग खांद्याला खांदा लावून असतातच.

हंगेरीचं २०२४ चं उदाहरण याच चष्म्यातून पाहावं. १ जुलैला पाळी सुरू, २ जुलैला पंतप्रधान ओर्बान कीवमध्ये, ५ ला मॉस्कोत पुतिन यांच्याकडे, ८ ला बीजिंगला. पाळीच्या देशाला संघाच्या वतीने असं कुठेही बोलायचा अधिकार नाही, तो कोस्टांच्या आधीच्या शार्ल मिशेल यांचा आणि परराष्ट्र प्रमुखांचा. राग आला. आयोगाने हंगेरीतल्या अनौपचारिक बैठकांना आयुक्तांऐवजी अधिकारी पाठवले, परराष्ट्र प्रमुखांनी परराष्ट्रमंत्र्यांची ऑगस्टची बैठक बुडापेस्टहून ब्रसेल्सला हलवली. तिकडे कार्यगट मात्र रोज भरत होते. डिसेंबरमध्ये त्याच पाळीत बल्गेरिया आणि रोमानियाच्या जमिनीवरच्या सीमांची तपासणी उठवायचं ठरलं, १ जानेवारी २०२५ पासून अंमलात.

आता दुसरी खुर्ची, प्रमुखांच्या बैठकीची. सरकारप्रमुखांच्या नियमित बैठका ठरल्या डिसेंबर १९७४ ला पॅरिसमध्ये, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तँ यांच्या पुढाकाराने. पहिली भरली मार्च १९७५ ला डब्लिनला. अध्यक्ष अर्थात पाळीच्या देशाचा प्रमुख. पंचवीस वर्षं हे चाललं. मग डिसेंबर २००० मध्ये नीसला चार दिवस-रात्रींची बैठक झाली. खुर्चीत जाक शिराक, आणि विषय कुणाला किती मतं हाच. फ्रान्सला जर्मनीइतकीच मतं राहावीत हा फ्रान्सचा हट्ट, आणि पंचच फ्रान्स. लहान देश वैतागले. तिथून कायम अध्यक्षाच्या कल्पनेला जोर आला. संविधानाचा मसुदा झाला, २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी तो फेटाळला, त्यातलं हे पद लिस्बन करारात उतरलं आणि १ डिसेंबर २००९ ला अस्तित्वात आलं. निवड प्रमुखांकडून पात्र बहुमताने, मुदत अडीच वर्षं, एकदाच पुन्हा, आणि आपल्या देशात कोणतंही पद ठेवायचं नाही.

पहिले बेल्जियमचे हर्मन फान रोम्पॉय. टोनी ब्लेअर यांचं नाव चर्चेत असताना मोठ्या आवाजाचा माणूस नको, जमवून आणणारा हवा असं ठरलं. सुरुवातीला सगळंच धूसर. २०१० च्या पहिल्या अर्ध्यात पाळी स्पेनची; अमेरिकेशी शिखर बैठक माद्रिदला घ्यायचा बेत होता, ओबामा येणार नाहीत कळलं आणि ती बारगळली. पाळीच्या पंतप्रधानांचं युग तिथे संपलं म्हणायला हरकत नाही. आयोगाशी रस्सीखेच मात्र संपली नाही. एप्रिल २०२१ मध्ये अंकारात तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या शेजारी एकच खुर्ची होती, त्यावर मिशेल बसले आणि फॉन डेर लायेन उभ्या राहून मग बाजूच्या सोफ्यावर गेल्या. ती चित्रफीत कुठल्याही करारापेक्षा जास्त लोकांनी पाहिली.

मत नसलेल्या या अध्यक्षाच्या हातात काय असतं? बैठक कधी बोलवायची, कोणता मजकूर टेबलावर ठेवायचा, कुणाला बाजूला घ्यायचं आणि थकवा किती वाढू द्यायचा. जुलै २०२० मध्ये मिशेल यांनी नेत्यांना १७ तारखेपासून २१ च्या पहाटेपर्यंत बसवून ठेवलं. कोविड निधीचा एकूण आकडा ७५० अब्ज युरोचाच राहिला, पण नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन, डेन्मार्क यांच्या दबावाखाली त्यातलं अनुदान ५०० अब्जांवरून ३९० वर आलं, उरलेलं कर्ज. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनच्या प्रवेशबोलणीचा विषय होता, ओर्बान विरोधात. जर्मनीचे शोल्झ यांनी सुचवलं, तुम्ही बाहेर कॉफी घेऊन या. ओर्बान बाहेर गेले, २६ जणांनी निर्णय घेतला. नाटकी वाटतं, पण वर लिहिलेला तटस्थतेचा नियम आठवा. विरोध नोंदवला नाही की एकमत शाबूत.

कोस्टा १ डिसेंबर २०२४ पासून आहेत. वडील ओर्लांदो यांच्याकडून घराणं मडगावचं, घरचं लाडाचं नाव ‘बाबुश’, खास कोकणी. २०१७ ला पोर्तुगालचे पंतप्रधान म्हणून भारतात आले तेव्हा त्यांना ओसीआय कार्ड दिलं गेलं. या पदावर आल्यावर त्यांनी दोन दिवसांच्या बैठका एका दिवसात आटोपायचा प्रयत्न केला, आणि मार्च २०२५ पासून युक्रेनवर एकमत होत नसेल तर ‘२६ नेत्यांचा ठाम पाठिंबा असलेला मजकूर’ वेगळा प्रसिद्ध करायची वाट धरली. कायद्याच्या दृष्टीने तो परिषदेचा निर्णय नव्हे, पण हंगेरीसाठी सगळ्यांनी गप्प बसायचं हेही टळलं. एकमताची अट जिथे करारातच आहे, उदाहरणार्थ निर्बंध वाढवायचे, तिथे मात्र ही वाट बंद.

निर्बंधांवरून वांद्रे-कुर्ला संकुल आठवतं. रशियन हिऱ्यांवरची बंदी डिसेंबर २०२३ च्या बाराव्या निर्बंध संचात आली, स्पेनच्या पाळीत: १ जानेवारी २०२४ पासून थेट रशियन हिरे, १ मार्चपासून टप्प्याटप्प्याने तिसऱ्या देशात पैलू पाडलेले. भारत डायमंड बोर्सच्या व्यापाऱ्याला दुसरा भाग जास्त लागला, कारण बेल्जियममधल्या हिऱ्यांच्या बाजारात, अँटवर्पला, जाणाऱ्या मालाचा कच्चा हिरा कुठला हे दाखवायची वेळ त्याच्यावर आली. निर्बंधांची रूपरेषा प्रमुखांच्या बैठकीत, मसुदा आयोग आणि परराष्ट्र विभागाचा, घासाघीस राजदूतांच्या समितीत, मंजुरी मंत्रिपरिषदेची. स्पेन कुठे आला? राजदूतांच्या टेबलाच्या शेंड्यावर. बेल्जियमला अँटवर्पची काळजी होती, ती मसुद्यात किती मावते हे तिथेच ठरत होतं.

पुढच्या पाळ्या लिहून ठेवायच्या असतील तर: २०२६ सायप्रस, आयर्लंड, २०२७ लिथुआनिया, ग्रीस, २०२८ इटली, लाटव्हिया, २०२९ लक्झेंबर्ग, नेदरलँड्स, २०३० स्लोव्हाकिया, माल्टा. २०१६ च्या निर्णयातली यादी ३१ डिसेंबर २०३० ला माल्टापाशी संपते.